काइयाकीतलं मीठ

आमच्या गावात कुणाच्या शेगडीवर होतातेचं मोठं कवच चढलं, की समजावं घरात कुणीतरी आजारी आहे. होताते म्हणजे आमच्या, उत्तर जपानमधल्या मुत्सु उपसागरातली तळहाताएवढी, पंख्यासारखी शिंपली. तिच्याच कवचात पाणी, मिसो म्हणजे सोयाबीनचं खारवलेलं वाटण, आणि तिचं मांस उकळायचं, वर अंडं फेटून घालायचं, की झाली काइयाकी. बाळंतिणीला तीच, ताप आलेल्याला तीच. कवच जितकं जुनं तितकी चव चांगली उतरते म्हणतात. तोवाबाईंचं कवच त्यांच्या सासूकडून आलेलं, आणि त्याला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

तोवाबाई म्हणजे मित्सुएची सासू, वय अठ्ठ्याऐंशी. मित्सुए माझी शेजारीण. किनाऱ्यावरच्या कामाच्या शेडमध्येही माझ्याच बाजूला बसते. समुद्रात वाढवायला दोरीला टांगायच्या छोट्या शिंपल्यांना आम्ही दोघी भोकं पाडतो. आमच्याकडे सासू पाहुण्यांदेखत आपल्या हाताने सुनेला भातवाढी, म्हणजे भात वाढायची पळी, देते, तेव्हा स्वयंपाकघर सुनेचं होतं. मला ती सहा वर्षांत मिळाली. मित्सुए लग्न होऊन आली त्याला चौतीस वर्षं झाली, केस पिकले, तरी तिचा हात रिकामाच.

आणि गावाने काय खावं हे शिकवायचं काम मात्र तिच्याकडे. आहार मंडळाची ती प्रमुख. खारटपणा मोजायचं छोटं यंत्र घेऊन घरोघर जाते, लोकांच्या सूपमध्ये त्याचं टोक बुडवते आणि आकडा मोठ्याने वाचते.

"होताते चांगलीच आहे," ती सांगते. "प्रथिनं भरपूर, चरबी नावाला. जस्त आहे, रक्ताला लागणारं बी-बारा आहे. पोटातली काळी पिशवी तेवढी काढून टाका. पण वर एवढा मिसो ओतणार असाल तर खाल्लंत काय नि न खाल्लंत काय."

"आणि तुझ्या घरचा आकडा किती गं?" आमच्यातल्याच किसाने एकदा मुद्दाम विचारलं. शेडमधल्या सगळ्या हसल्या. मित्सुए यंत्र पुसत राहिली.

किसाला सगळं ठाऊक होतं. मित्सुएच्या नवऱ्याला, तेइजीला, दोन वर्षांपूर्वी बोटीवरच अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, बोट सुटली. मीठ निम्म्यावर आणा, पुन्हा झटका आला तर माणूस उठायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि आजारी मुलाला तोवाबाई रोज सकाळी काय देणार? काइयाकीच.

दर महिन्याला रक्तदाब जिथल्या तिथे. डॉक्टर मित्सुएलाच ऐकवायचे, "तुम्हीच ना गावाला शिकवता?" ती मान खाली घालून घरी यायची. सासूला बोलावं तर भातवाढी हातात नाही. न बोलावं तर नवरा डोळ्यांदेखत चाललाय.

"सरळ सांग ना त्यांना," मी म्हणायचे.

"काय सांगू? आई म्हणतील, माझ्या लेकाला मी जेवू घालू नको का? मग पुढे काय बोलू, तूच सांग."

मला तिचा राग यायचा. इतकी वर्षं तोंड शिवून बसायचं म्हणजे काय. पण ती दुसरीकडे जाणार तरी कुठे होती?

या मार्चमध्ये एका सकाळी तोवाबाई पातीचा कांदा आणायला मागच्या पडवीत गेल्या. अंडं अजून घातलं नव्हतं. मित्सुएने पटकन यंत्र काढून कवचात बुडवलं. शून्य पूर्णांक सहा टक्के. इतका कमी आकडा तिने गावात कुणाच्याच घरी वाचला नव्हता. यंत्र बिघडलं असं तिला वाटलं. पुढचे दोन दिवस लपूनछपून मोजलं, तरी तेच. मग चमच्याने चाखून पाहिलं, तर पाणचट. मग रक्तदाब उतरत का नव्हता?

तेइजी आपलं कवच ताटात घेऊन दाराच्या पायरीवर जाऊन बसायचा. समुद्र बघत जेवायचंय म्हणायचा. त्या वेळी मित्सुए शेडच्या वाटेला लागलेली असायची. चौथ्या दिवशी ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

तेइजीचे बोटीवरचे उंच रबरी बूट दोन वर्षं दारात तसेच उभे होते. त्याचा धड हात एका बुटात कोपरापर्यंत गेलेला. बाहेर आला तो सोया सॉसची बाटली घेऊनच.

तेइजीने बाटली लपवली नाही. "खारट लागलं की वाटतं, अजून बोटीवर आहे," तो म्हणाला. "ते पाणचट खाल्लं की नुसता आजारी माणूस."

मित्सुएच्या मागून तोवाबाई आल्या.

"मिसो मी वर्षापूर्वीच कमी केलाय. तू बायकांना शिकवतेस ते मलाही ऐकू येतं."

"मग मला का नाही सांगितलंत, आई?"

"काय सांगू? माझा लेक चोरून खातो म्हणून? तीन बाटल्या फेकल्या मी, ही चौथी. तुझा राग माझ्यावर होता तोवर तुम्हा दोघांचं तरी बरं चाललं होतं."

मग त्या आत गेल्या. खिळ्यावरची भातवाढी काढली, एप्रनला पुसली, आणि त्या जुन्या कवचासकट मित्सुएच्या हातात दिली. ना पाहुणे, ना गोडधोड.

"माझं ऐकत नाही तो. आता तू बघ."

हे सांगताना मित्सुए शेडमध्ये रडली. "इतकी वर्षं वाट पाहिली गं. आतापर्यंत निदान आईंवर ढकलता तरी येत होतं. आता ह्यांना काही झालं तर ते माझ्याच हातचं." मी तिच्या पुढ्यातल्या शिंपल्या माझ्याकडे ओढून घेतल्या.

हल्ली ती अर्धा तास उशिरा येते. कवच रिकामं होईपर्यंत तेइजीच्या शेजारी पायरीवर बसते. तो हळूहळू खातो, मुद्दाम. त्याचे बूट आता तिच्या पायात असतात. बरेच मोठे होतात, चालताना फटक फटक वाजतात.

"आता तरी सांग, तुझ्या घरी आकडा किती?" किसाने परवा विचारलं.

"शून्य पूर्णांक सहा," मित्सुए म्हणाली. "पण मला त्या पायरीवरून उठता येत नाही."

या वेळी किसासुद्धा हसली नाही.