चादरीमागून आलेलं ‘बरोबर’

माझे भाऊजी नरहरी उमाळे यांना फसवणं फार कठीण, असं भिलाईजवळच्या रिसालीतले सगळे मराठी लोक मानायचे. त्याच भाऊजींना त्यांच्याच बैठकीत लागोपाठ दोन रविवार फसवलं गेलं. फसवणारे कोण, तर एक माझी सख्खी बहीण तारा आणि दुसरे त्यांचे जन्माचे दोस्त कृष्णराव. चोर असते तर मी पोलिसात नाव दिलं असतं. घरच्यांचं काय करता?

भाऊजी भिलाईच्या पोलाद प्लांटात चार्जमन होते, विजेच्या मोटारींच्या देखभालीवर. बेअरिंग जाण्याआधी त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, म्हणून प्लांटच्या दुसऱ्या विभागांतूनही बोलावणं यायचं. ते मोटारीजवळ उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि ‘बदला’ किंवा ‘चालू द्या’ एवढंच सांगायचे. या कानांचा त्यांना भारी गर्व होता, आणि मी मेहुणी असल्यामुळे तो अधूनमधून उतरवणं माझं कामच होतं. एवढे तिखट कान आहेत तर ताईच्या हाका का ऐकू येत नाहीत, असं मी विचारायची. ते म्हणायचे, त्या आवाजाला मी फिल्टर लावला आहे.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, भाऊजी स्पीकरच्या मागे लागले. दोन समोर, एक मधे, दोन पाठीशी, असे पाच स्पीकर बैठकीत येऊन बसले आणि ताईचं शोकेस मागच्या खोलीत गेलं. पाहुणा आला की त्याला चहा मिळाला का, याच्याआधी तो बरोबर मधल्या खुर्चीवर बसला का, हे भाऊजी बघायचे. ताई कपाळाला हात लावायची, पण मनातून खूश होती. नवरा दिवसभर घरात असून तिच्या स्वयंपाकघरात लुडबूड करत नव्हता, हे काही थोडं नाही.

पुढे हे पाच स्पीकर चालवणारा रिसिव्हर तोकडा पडायला लागला. आवाज वाढवला की त्याचा घसा बसायचा. म्हणून पाच चॅनेलचा वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचा ठरला, म्हणजे पाचही स्पीकरना आपापला जोर मिळेल. स्वतःच्या लेकीसाठी, स्नेहलसाठी, स्थळं बघताना भाऊजींनी एवढी चौकशी केली नव्हती. कागदावर छापलेल्या वॉटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुकानदार एकच चॅनेल चालवून आकडा सांगतात, पाचही एकदम चालवले की त्यातलं बळ जातं, असं ते आल्यागेल्याला समजावायचे. दूधवाल्यालाही समजावलं होतं.

गाळता गाळता शेवटी दोन उरले. एक नव्या पद्धतीचा, चपटा, एका हाताने उचलता येईल असा. दुसरा जुन्या चालीचा, पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला, उचलायला दोन माणसं लागावीत असा. रायपूरचा दुकानदार सुजय भाऊजींना मानायचा. त्याने दोन्ही घरी आणून ठेवले आणि म्हणाला, ऐकून घ्या, जो आवडेल तो ठेवा, दुसरा मी परत नेतो.

आता भाऊजींनी परीक्षा मांडली, आणि ती स्वतःचीच. दोन्ही ॲम्प चादरीआड ठेवायचे. डोळ्याला गमछा बांधून भाऊजींनी मधल्या खुर्चीवर बसायचं. कृष्णरावांनी चादरीमागे जाऊन समोरच्या दोन स्पीकरच्या वायरी कधी ह्याला, कधी त्याला जोडायच्या. भाऊजींनी नुसतं ऐकून ‘हलका’ की ‘भारी’ ते सांगायचं, आणि कृष्णरावांनी मागून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. निकाल लागेपर्यंत आपण चादरीमागे डोकावणार नाही, असं भाऊजींनी जाहीर केलं आणि पाळलंही. कृष्णराव रेल्वेत गार्ड होते, उतईच्या रस्त्यावर घर बांधून राहतात. झेंडी दाखवण्यात ज्याची हयात गेली त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर, असं भाऊजी म्हणाले होते.

दुसऱ्या रविवारी मीही दुर्गहून गेले होते. हळू आवाजात बासरी लावली होती. भाऊजी मान तिरकी करून ऐकायचे, मग म्हणायचे, “हा भारी.” चादरीमागून उत्तर यायचं, “बरोबर.” थोड्या वेळाने, “हा हलका. मोकळेपणा गेला पाहा.” पुन्हा, “बरोबर.” एकदाही चुकले नाहीत. गमछा सोडला तेव्हा त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोपेक्षा उजळ होता. भारीच घ्यायचा ठरला. सकाळच्या फिरण्याच्या टोळीत त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि या वयात कान असे राखले याबद्दल टोळीने त्यांच्याकडून जिलेबीही वसूल केली.

चार दिवसांनी सुजय हलका परत न्यायला आणि भारीला पाचही स्पीकर जोडून द्यायला आला; तोवर चादर तशीच होती. मी अजून मुक्कामालाच होते, कृष्णरावही जेवायला आले होते. सुजयने चादर काढली, भारी जरा पुढे ओढला, मागे वाकून पाहिलं आणि हसला.

“अंकल, ये तो आपने चलाया ही नहीं. तार लगाने की जगह पर कंपनी के प्लास्टिक के ढक्कन वैसे के वैसे लगे हैं.”

भाऊजींना वाटलं त्याची काही चूक होते आहे. ते उठून स्वतः वाकले. ओळीने लावलेल्या लाल-काळ्या टोप्या, एकही निघालेली नाही. बोटाने एक दाबून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

“कृष्णा, तू एकदाही वायर बदलली नाही?”

कृष्णराव जमिनीकडे पाहत होते. “तुले वाईट वाटलं असतं, नरहरी.”

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. लाटणं तिच्या हातातच राहिलं होतं. मग सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर ती भाऊजींना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. भाऊजी बाहेर बसले असताना डॉक्टरांनी तिला सांगितलं, की बारीक, उंच आवाज यांना आता ऐकू येत नाहीत आणि येणारही नाहीत. खालचे, जाडे आवाज ठीक आहेत. ताईने भाऊजींना सांगितलं, मळ होता, काढला. हे ज्याला पहिल्यांदा कळायला हवं त्याला कळलं नाही, आणि कृष्णरावांना कळलं. परीक्षेची गोष्ट निघाली तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं, हा माणूस नापास व्हायला नको. म्हणून हलकाच जोडलेला ठेवायचा आणि तो जे म्हणेल त्याला मान डोलवायची. मलाही ताईने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझा असा संताप झाला की मी तिच्याकडे पाहूच शकले नाही. याला माया म्हणतात? याला केसाने गळा कापणं म्हणतात.

“म्हणजे मी जे जे बोललो, ते तू मागं बसून ऐकत होता,” भाऊजी म्हणाले. “अन् हसत होता.”

“हसलो नाही रे. रडू येऊन राहिलं होतं मले.”

“ते तर त्याहून वाईट.”

ताई म्हणाली, की तुमचा जीव त्या कानांत आहे म्हणून बोलले नाही. भाऊजी तिच्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते वळले माझ्याकडे.

“सीमा, तू लाव. खरंखरं लाव. चुकलो तर तोंडावर चूक म्हण.”

मी सुजयला सोबत घेतलं. त्याने टोप्या काढल्या, भारी जोडला, दोन्हींचा आवाज सारखा करून दिला आणि वायर कशी बदलायची ते मला दाखवलं. भाऊजींनी स्वतःच गमछा बांधला, या वेळी दोन गाठी मारून. बासरी नको म्हणाले; मांदरची, म्हणजे छत्तीसगढी ढोलाची, एक रेकॉर्डिंग त्यांनी लावायला सांगितली, आणि आवाज चांगला चढवायला सांगितला. मी मनाशी पक्कं केलं होतं, चुकले तर खणखणीत ‘चूक’ म्हणायचं, मग ते रडले तरी चालेल.

पहिल्याच खेपेला ते म्हणाले, “हा भारी. थाप पडते अन् तिथंच थांबते.” भारीच होता. मी वायर बदलली. “हा हलका. थाप मागं रेंगाळून राहिली.” हलकाच होता. मग मी मुद्दाम वायरीशी नुसती खुडबूड केली आणि हलकाच ठेवला. त्यांनी मान तिरकी केली. “बदलला नाहीस तू.” सुजय माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिला. आम्ही पुन्हा पुन्हा केलं, ते एकदाही चुकले नाहीत. उंच आवाज गेले असतील, मांदरचे जाडे आवाज मात्र त्यांच्या कानातून सुटत नव्हते. त्या दोघांनी इमानदारीने परीक्षा घेतली असती तरी हा माणूस पासच होता.

प्रत्येक वेळी मी ‘बरोबर’ म्हणत होते. शेवटच्या वेळी म्हणताना माझा गळा भरून आला, आनंदानेच. तिथेच घात झाला.

भाऊजींनी गमछा काढला आणि माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

“सगळे बरोबर?”

“सगळे. एकही चुकला नाही तुमचा.”

“मंग काहून रडून राहिली?”

मी सांगायला लागले, सुजयही मधे पडला, अंकल कसम से, असं काही म्हणाला. तुला तर विकायचा आहे बाबा, भाऊजी त्याला म्हणाले, राग न धरता. मग मला म्हणाले, “तू बी तिचीच बहीण.”

त्यांनी सुजयला दोन्ही ॲम्प गाडीत ठेवायला सांगितलं. भारी उचलायला कृष्णराव पुढे झाले, तर त्यांना हाताने थांबवलं आणि दुसरी बाजू स्वतः धरली. मी फाटकापर्यंत मागे गेले. भाऊजी, देवाशपथ बरोबर होतं, असं मी दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

“ऐकू येते मले, सीमा,” ते म्हणाले. “पटत नाही.”