जाहिरातीतला नंबर

किकवीच्या अलीकडे भर उन्हात माझी गाडी पंक्चर झाली. स्टेपनी होती, पण पाना घरी राहिला होता. मोबाईलवर शोधलं, तर सगळ्यात वर एका पंक्चरवाल्याची जाहिरात आणि तिच्याखाली ‘मोफत कॉल करा’. दाबलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, “सावलीत हाय का तुमी?”

पंधरा मिनिटांत पन्नाशीचा एक माणूस मोटरसायकलवरून आला. चाक काढताना त्याचा फोन सारखा वाजत होता. दर वेळी तो पाना खाली ठेवायचा, फडक्याला हात पुसायचा आणि उठून उभा राहून बोलायचा, दारात पाहुणा आल्यासारखा. मला मात्र घाई होती, त्यामुळे वैताग येत होता.

एक फोन राजगडाखालच्या पाली गावातून आला. “मला यायला दीड तास लागंल. तितंच देवळामागं एक जण हाय, त्याच्याकडं जावा. त्याची जाहिरात न्हाई, पण हात लई चांगला हाय.”

मला राहवलं नाही. “अहो, जाहिरात तुमची आणि गिऱ्हाईक त्याला?”

नट आवळत तो म्हणाला, “अडलेलं माणूस हाय ते. गिऱ्हाईक मागनं.”

संध्याकाळी पुण्यात घरी टेकलो, तोच अनोळखी नंबर वाजला. कुणीतरी काहीतरी विकत असणार म्हणून कापणारच होतो, पण उचलला.

“पोचलात न्हवं? चाक बरं हाय ना?”

“हो, पोचलो,” म्हणालो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी खुर्चीतून उठून उभा होतो.