वॉल्ट फ्रॉम कॉर्बीव्हिल

“तुम्ही घरी एकटे आहात. बाथरूममध्ये पडलात. मदतीसाठी नाइन-वन-वनला, इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावलाय आणि तिकडून मी बोलतेय. सांगा, काय झालं?”

वॉल्टने हातातला खेळण्यातला फोन टेबलावर आपटला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर पेन्सिल्व्हेनियाचा जानेवारी. आत मी, चेहरा हसरा ठेवून बसलेली. मनात म्हटलं, झालं, आजचंही सेशन पाण्यात.

मी स्पीच थेरपिस्ट. मूळची नागपूरची. स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स केलं आणि जवळच्याच, आजारातून उठलेल्यांना पुन्हा उभं करणाऱ्या एका रिहॅब हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वॉल्ट साठीचा, ट्रकचा मेकॅनिक. स्ट्रोकमध्ये त्याचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. याला आम्ही अफेझिया म्हणतो. माणसाला सगळं समजतं, काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं, पण शब्द बाहेर येत नाही. कपाट भरलेलं आणि दार अडकलेलं. वर भेटायला येणारे मोठमोठ्याने बोलतात, जणू हा बहिरा झालाय. चिडेल नाहीतर काय करेल?

त्याची बायको डोरिस एका शाळेच्या किचनमध्ये कामाला होती. दिवसभर घरी कोणी नाही. माझी बॉस लिंडा हिने मला स्वच्छ सांगून टाकलं होतं.

“सुजाता, सोमवारी टीम मीटिंग आहे. फोनवर नाव, पत्ता आणि काय झालं, एवढं तरी त्याला सांगता यायला हवं. नाहीतर मी त्याला घरी सोडू शकत नाही. नर्सिंग होम.”

“अजून थोडा वेळ मिळाला तर...”

“सोमवार.”

हे वॉल्टला माहीत होतं. त्याला घरीच जायचं होतं. नर्सिंग होम म्हणजे तिकडचा वृद्धाश्रमच. त्याचं नाव निघालं की तो डाव्या हाताने चादर घट्ट धरायचा.

त्या दिवशी मी त्याच्या कॉटपाशी बसून चित्रं दाखवत होते. सफरचंद, चमचा, टोपी. शेजारच्या कॉटवर रे नावाचा पेशंट होता, मांडीचं हाड मोडलेला, बडबड्या. त्याच्या टीव्हीवर फुटबॉलची चर्चा चालली होती. अमेरिकन फुटबॉलचा सीझन संपला की निवडक टीम्सचे प्लेऑफ्स होतात. एक मॅच हरलात की घरी. जिंकत राहिलात तर शेवटी फायनल. मॅच रविवारी संपते, पण त्यावरून लोक आठवडाभर भांडतात. आमच्या राज्यात पूर्वेची एक टीम आणि पश्चिमेची एक. आमचं गाव बरोबर मधोमध, त्यामुळे निम्मं गाव इकडचं, निम्मं तिकडचं. रे पूर्वेवाला. वॉल्ट पश्चिमेवाला, आणि त्या वर्षी प्लेऑफ्समध्ये होती पश्चिमेची टीम.

रे म्हणाला, “रविवारी तुमचं पॅकअप, वॉल्ट. तुमचा क्वार्टरबॅक ऐन वेळी कच खातो.”

“नो!” वॉल्ट कडाडला. “नो! डिफेन्स!”

क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा खेळ चालवणारा मुख्य गडी, आणि डिफेन्स म्हणजे समोरच्या टीमला अडवणारे गडी. ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की इतके दिवस ज्याला साधा ‘चमचा’ म्हणता येत नव्हता, त्याने अख्खा, स्वच्छ शब्द उच्चारला होता.

“रे, परत म्हणा,” मी म्हटलं.

“आनंदाने,” रे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी चित्रं ठेवून दिली आणि फुटबॉल काढला. वॉल्ट अडखळत एक शब्द बोलला की मी मान डोलवायची. बरोबर आहे हं तुमचं. वडिलांच्या वयाच्या माणसाशी हुज्जत घालायची नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं. त्यात हा आजारी. पण वॉल्ट हळूहळू गप्पच झाला.

रे वैतागला. “मिस, तू सगळ्याला हो म्हणतेस. हो म्हणणाऱ्याशी माणूस भांडेल कसा?”

अगं बाई, खरंच की! आमच्या नागपूरला पानठेल्यावर बसून क्रिकेटची टीम निवडणारे काका मला आठवले. त्यांना कोणी ‘बरोबर आहे’ म्हटलं असतं, तर ते दोन मिनिटांत उठून घरी गेले असते.

मी खुर्ची पुढे ओढली. “मला वाटतं, त्या क्वार्टरबॅकला बाहेर बसवावं आणि दुसऱ्याला खेळवावं.”

वॉल्टचे डोळे मोठे झाले. “यू... क्रेझी!”

दोन शब्द, तेही जोडून! मला कॉटवर चढून नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी डोरिसला हे सांगितलं, तर ती हसली. म्हणाली, “अगं, प्लेऑफ्सच्या दिवसांत हा रेडिओवर फोन करायचा. लोकांच्या वादाचा कार्यक्रम असतो ना, तिथे. दर वर्षी. आधी एक मुलगी विचारते, नाव काय, कुठून बोलताय, काय म्हणायचंय. मग लाइनवर घेतात. ‘वॉल्ट, फ्रॉम कॉर्बीव्हिल.’ माझं तर डोकं उठायचं.”

नाव काय, कुठून, काय झालं. नाइन-वन-वनवालेही हेच विचारतात की!

वॉल्टला रेडिओवर फोन लावू द्या म्हटलं, तर लिंडा ऐकायला तयार नव्हती. “सुजाता, हे हॉस्पिटल आहे, बार नाही.”

“एकच फोन. तुम्ही स्वतः येऊन ऐका.”

आम्ही घासून प्रॅक्टिस केली. रे झाला रेडिओवाला. शुक्रवारी दुपारी लिंडासमोर वॉल्टने स्वतः नंबर फिरवला. पेशंट आहे, सांभाळून घ्या, असं मी रेडिओवाल्यांना आधी कळवणार होते. वॉल्ट म्हणाला, “नो.” त्यावरून त्याच्याशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

लाइन लागली, मुलीने ती रेडिओवाल्याकडे दिली. स्पीकर चालू. “गो अहेड, कॉलर.”

“वॉल्ट... फ्रॉम कॉर्बीव्हिल.”

“बोला वॉल्ट.”

शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे मेलो. मला शब्द सुचवायची इतकी घाई झाली, की मी स्वतःचा हात तोंडावर दाबून धरला.

“वॉल्ट? आहात का?”

“वेट,” वॉल्ट म्हणाला. घाम फुटला होता बिचाऱ्याला. “यू... राँग. डिफेन्स. डिफेन्स... विन्स.”

“काय सांगता! त्या म्हाताऱ्या डिफेन्सवर? वॉल्ट, कुठल्या जगात राहता?”

जरासुद्धा दया नाही. आणि वॉल्टचा चेहरा असा खुलला, की मी तो कधी विसरणार नाही. “वॉच,” तो म्हणाला. “संडे!”

शाळेच्या किचनमध्ये डोरिस रेडिओ लावून उभी होती. तिचा फोन आला तेव्हा तिलाच बोलता येईना.

रविवारी मी जन्मात पहिल्यांदा अख्खी मॅच पाहिली. वॉल्टची टीम हरली. आणि हरली ती डिफेन्समुळेच.

सोमवारी तो दाढी न करता, मान खाली घालून मीटिंगला आला. लिंडाने त्याच्यापुढे खराखुरा फोन ठेवला आणि पलीकडच्या खोलीतून रिंग दिली.

“नाइन-वन-वन. व्हॉट्स युअर इमर्जन्सी?”

वॉल्ट फोनकडे वाकला. मग, “वॉल्ट. कॉर्बीव्हिल... मिल रोड. फॉल. कम.”

“घर नंबर?” हे लिंडाने मुद्दाम घातलं. याची प्रॅक्टिसच झाली नव्हती.

वॉल्टचे ओठ हलले. नंबर येईना. डोरिस टेबलाची कड धरून बसली होती.

“रेड,” तो म्हणाला. “रेड... मेलबॉक्स!”

लिंडा परत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “दारापुढची लाल टपालपेटी. अँब्युलन्सवाल्याला तेवढं पुरे. जाऊ दे त्याला घरी.”

डोरिसने मला मिठी मारली. वॉल्ट सामान घ्यायला वॉर्डात गेला, तर रे टपूनच बसला होता. “काय वॉल्ट, कुठे गेला तुझा डिफेन्स?”

“रेफरी!” वॉल्ट म्हणाला. एका फटक्यात. अडखळणं नाही, काही नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं हे काम केलं. नवा पेशंट आला की त्याला काय आवडतं, हे सगळेच विचारतात. मी घरच्यांना बाजूला घेऊन विचारते, “यांचं भांडण कशावरून व्हायचं?” आधी ते दचकतात. मग सांगायला लागले, की थांबतच नाहीत.