आबांनी बांधलेलं पीप

तिरंदाजीच्या संघाबरोबर निवड स्पर्धेला गेलेल्या प्रशिक्षकाने प्रल्हाद आबांना फसवलं. माझ्या मुलीच्या धनुष्याच्या दोरीत आबांनी बसवलेलं पीप, म्हणजे नेम धरायचं कडं, त्याने हलवलं आणि नेम चुकल्यावर दोष आबांवर ढकलला. आधी एवढं सांगतो, मग बाकीचं. आबा गेल्यापासून जो तो त्यांच्याविषयी गोड बोलतोय आणि हे मात्र कोणी बोलत नाही.

आबांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी चोपड्याजवळच्या एका मळ्यात केळीचा सौदा करत होतो. "भाऊ, आबा गेले. सकाळी चहा मागितला आणि..." समोरचा शेतकरी भावावर अडून बसला होता. "तू म्हणशील तो," म्हणालो आणि गाडीत बसलो. असा सौदा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

मी केळीच्या गाड्या भरत वर आलेला माणूस. काट्यावर चढल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. माझी मुलगी वैष्णवी धनुर्विद्येत पडली, तिला दोन्ही टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य हवं झालं, ते आणलं. मग कळलं की त्याच्या दोरीत शर्टाच्या बटणापेक्षाही लहान असं एक भोकाचं कडं बसवावं लागतं. तेच पीप. दोरी ओढली की ते डोळ्यासमोर येतं आणि त्यातून धनुष्यावरचं नेमाचं वर्तुळ दिसतं. कडं केसभर वर-खाली झालं तर नेमबाज नकळत मान वाकवतो आणि बाण भलतीकडे जातो. सगळ्यांनी एकच सांगितलं, पीप बसवावं तर धुळ्याच्या आबांनी.

आबांची पत्र्याची शेड गावाबाहेर, तिथेच ते मुलांना तिरंदाजीही शिकवायचे. लेथ मशीनवर आयुष्य गेलेलं, तरुणपणी स्वतः तिरंदाज, आणि तोंड असं की पहिल्याच भेटीत आमची जुंपली. म्हणालो, "एवढंसं कडं, आज बसवा, संध्याकाळी घेऊन जातो." ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "नवी दोरी शे. आधी पोरगी तिच्यावरून बाण मारीन, दोरी ताणाईन, मंग बांधसू." मी उद्यावर आलो, मग परवावर. आबा हसले. "शेठ, घाई तुले शे, दोरीले नही. केळी पिकाले टाकस तव्हय असाच भांडस का?" त्या माणसापुढे माझी घासाघीस चालली नाही. आठवड्याने पुन्हा गेलो.

त्या दिवशी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. स्क्रूजॅकचे भाग जोडून त्यांनी स्वतः एक शिकंजा केला होता. त्यात धनुष्य धरून दोरी सैल केली, तिचे धागे दोन सारख्या भागांत फाकवले आणि मधे कडं सरकवलं. बांधलं मात्र नाही. जुन्या चिंध्यांनी ठासलेल्या पोत्यांसमोर, अगदी जवळ, वैष्णवीला उभं केलं. स्पर्धेत घालते तोच शर्ट, केसही तसेच बांधलेले. मग बाण लावायच्या आधी तिला कॉलेजच्या गमती विचारत बसले. मला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय; तिचं अंग सैल करत होते हे नंतर कळलं. ती हसत असतानाच म्हणाले, "आता डोळे मिट. ओढ. हात रोज जिथे टेकतो तिथे टेकव." तिने दोरी ओढली. जबड्यामागे मूठ, नाकाच्या शेंड्याला दोरी, डोळे बंद. "उघड."

"आबा, कडं भुवईवर आलंय."

"मान हलवू नको! तू त्याच्याकडे जायचं नाही. त्याला तुझ्याकडे आणतो."

पुन्हा शिकंजा, पुन्हा रेषभर खाली, पुन्हा डोळे बंद. एकदा कडं जागेवर आलं पण तिरकं फिरलेलं. तेव्हा दोरीला अर्धा पीळ दिला. किती वेळा झालं मोजलं नाही. शेवटी तिने डोळे उघडले. नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, वर्तुळात वर्तुळ बसलंय... चारी बाजूंनी सारखा उजेड." आणि बाण सोडला. आबा डावरे. कड्याच्या वर-खाली डाव्या हाताने दोरा गुंडाळून त्यांनी गाठी मारल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खानदेशात दुसरा दाखव असा." मी दाखवू शकलो नाही. आजही शकत नाही.

मग निवड स्पर्धा. आदल्या दिवशी प्रशिक्षकाने तपासणीसाठी म्हणून धनुष्य नेलं. परत मिळालं तेव्हा पीप खाली आलेलं. त्याच्या लाडक्या खेळाडूच्या धनुष्यावर टेपने घेतलेलं माप त्याने माझ्या मुलीच्या दोरीवर उतरवलं होतं, जणू सगळ्यांचे जबडे एकाच साच्यातून काढलेत. वैष्णवी बोलली तर "आता हात लावायचा नाही" असं दटावलं. दिवसभर ती मान वाकवून बाण मारत राहिली. निवड हुकली. आणि परतल्यावर सरावाच्या मैदानावर सगळ्या मुलांसमोर हा गृहस्थ म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानेच चुकीचं बांधून दिलं होतं." पुढच्या महिन्याभरात आबांची शेड रिकामी झाली. पालकांनी मुलं काढून घेतली.

मी धनुष्य घेऊन धुळ्याला गेलो. आबांनी चष्मा चढवला, दोऱ्यावरून बोट फिरवलं. "हाई गाठ मनी नही. उलटा फेरा शे, उजव्या हातना." मी तापलो. "चला, आत्ताच्या आत्ता त्याच्या दारात उभे राहू." त्यांनी मला बसवलं आणि आधी पीप जागेवर आणलं. मग शिकंजा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी चुकलो नव्हतो, एवढं त्याने त्या पोरांसमोर म्हणावं. बास."

मी प्रशिक्षकाला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. आला तो शोकसभेला, हार घेऊन. माइकवर म्हणाला, "आबा थोर होते, पण वयाने शेवटी हात चुकायचा." मी उठलोच होतो, आबांच्या सुनेने हात धरला. "भाऊ, आज नको." त्या दिवशी बसलो. आता बसणार नाही.

प्रशिक्षक साहेब, ती मुलं अजून त्याच मैदानावर येतात आणि आबांचा हात चुकला असं समजतात. तिथे या. माझी मुलगी समोर उभी असेल. तिच्याकडे बघून सांगा, आबांची गाठ कोणी सोडली?