वकिलाचा फोटो

माझे काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यावर हाताशी उरली एकटी काकू. बागेत दयाळ पक्षी आला की ती हाक मारायची, "अहो, वकील आलाय बघा!" काळा कोट, पुढे पांढरं, तिचं काय चुकलं? पण काका लगेच, "वकील नव्हे, दयाळ." मला भारी राग यायचा.

मग काकू विसरायला लागली. आधी चहातली साखर, मग वार, मग माणसं. पक्षी दिसला की मात्र बोलायची. म्हणून काकांनी कॅमेरा घेतला. बागेकडच्या खिडकीला जुनी चादर लावली, तिला भोक पाडलं आणि रोज सकाळी त्यातून पाण्याच्या कुंडीवर डोळा ठेवून बसू लागले. दुपारी फोटो तिच्यापुढे. "हा कोण?" "वकील." काका पेन काढायचे आणि फोटोच्या मागे लिहायचे, 'वकील'. त्यांच्या त्या रेखीव अक्षरात.

त्यांना एवढंच हवं होतं, की फोटोवरून नजर उचलून तिने एकदा आपल्याला ओळखावं. नजर ती उचलायची. "छान काढलास रे दादा," म्हणायची. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बारा वर्षांपूर्वी वारलेला. घरातलं 'अहो' गेलं, 'अरे' आलं. काकांनी पहिल्या दिवशी तिची चूक दुरुस्त केली; ती इतकी घाबरली, की त्यांनी परत कधी दुरुस्त केली नाही.

परवा मी तिथेच होते. फोटो बघता बघता काकू उठली. "दादा, नीघ तू आता. ह्यांची यायची वेळ झाली. त्यांना जेवण वेळेवर लागतं."

काका उठले. केसांवरून कंगवा फिरवला, कामावर जायचा जुना सदरा चढवला आणि मागच्या दाराने बाहेर पडले. जरा वेळाने पुढच्या दाराची बेल वाजली. काकू लगबगीने गेली, केस सारखे केले, दार उघडलं.

"काय रे दादा," ती म्हणाली, "काही विसरलास का?"



"हो," काका उंबऱ्यातूनच म्हणाले. "छत्री राहिली."

बाहेर रणरणतं ऊन होतं. मी आतून छत्री आणून त्यांच्या हातात दिली.