पाचटाखालचं पाणी
क्लच जळाल्याचा वास आला की मला आमच्या कन्हेरी गावातलं ते रान आठवतं आणि आजही मी दातओठ खातो. माझी फोर बाय फोर गाडी नवीकोरी होती, बॉनेटवरचा झेंडूचा हारही सुकला नव्हता. शेजारच्या रानाचा मालक माझा चुलतभाऊ. दरवर्षी नांगर घालून आमचा सामाईक बांध कोरत आलेला. माझाच पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, “डांबरावर कुणीबी पळवतंय. माझ्या रानातनं काढून दाव.” त्याचा ऊस नुकताच तुटला होता, वर पाचट पसरलेलं, कोरडं खडखडीत. मी गाडी घातली. मधोमध जाताच चारही चाकं गरगरली आणि चारही रुतली, कारण पाचटाखाली त्यानं पहाटेच पाणी सोडलं होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी आधी उतरून पायानं चाचपलंसुद्धा नव्हतं. तो ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी अडकवली आणि सीटवर नुसता बसून राहिला. “बांध माझा हाय म्हण, मग वढतो.” सगळी भावकी बघत उभी होती. मी म्हटलं. गाडी दोन मिनिटांत बाहेर आली. पुढं ती मी विकूनही टाकली. बांध मात्र अजून त्याच्याच रानात आहे.