हवा अडवणारा माणूस

ते पुठ्ठे मी काढले होते. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

कुठले पुठ्ठे, हे कळायला आधी तो माणूस तुमच्या डोळ्यांपुढे यायला हवा. खोलीत शिरला की नमस्कार करायच्या आधी तो उलटा हात हवेत धरायचा, ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा, आणि म्हणायचा, "हवा कुठं पळून राहिली, ते आधी पाहू."

खोली म्हणजे आमच्या बऱ्हाणपूरच्या कार्यालयातली सर्व्हरची खोली. एकत्रीकरणाची वर्षं होती ती. जिल्हाभरातल्या लहान कार्यालयांची मशीनं, पार नेपानगरचीसुद्धा, आमच्याकडे आणून एका जागी चालवायची होती. लोखंडी कपाटांच्या दोन रांगा झाल्या, मग चार. तीन एसी सतत अठरावर. मी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. विजेचं बिल आलं की मोठे साहेब मला बोलवायचे, आणि माझा उपाय ठरलेला : चौथा एसी.

तो जवळच्या दापोरा गावचा. आमच्याकडे रोजंदारीवर एसी दुरुस्तीला आला. त्याआधी केळी पिकवायच्या थंड खोल्या सांभाळायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, केळं पिकायला लागलं की आतून तापते. क्रेटच्या मधून हवा गेली नाही तर मधलं केळं काळं. तुमचं मशीन बी तसंच. अन् तुम्ही तर याच्या पाठीची गरम हवा त्याच्या तोंडात देऊन राहिले!"

मोठे साहेब खो खो हसले. मी कॉम्प्युटरची पदवी घेतलेला माणूस. ते हसणं मला लागलं ते लागलंच.

त्यानं रांगा फिरवल्या. तोंडाला तोंड, पाठीला पाठ. थंड हवेची गल्ली वेगळी, गरम हवेची वेगळी. टोकांना केळीच्या खोलीतले जाड प्लास्टिकचे पडदे. कपाटांतल्या रिकाम्या खणांतून गरम हवा पुढं येई, तिथं केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून बसवले. प्रत्येकावर बॉलपेननं लिहिलं : 'इथून पळते.' एक एसी बंद झाला. मग दुसरा. उरलेला पंचवीसवर, आणि मशीनं मजेत.

माझा स्वेटर गेला. माझा मानही गेला, असं मला वाटायचं. साहेब आता त्याला भाऊ म्हणायचे. काहीही अडलं की, "भाऊला विचारा." भाऊला चहा, भाऊला खुर्ची. त्याचं गिचमिड अक्षरसुद्धा मला सलायचं. घरी बायकोनं "उगाच पंखा कशाला चालू?" म्हटलं तरी मला तोच आठवायचा.

भोपाळहून तपासणीला अधिकारी येणार होते. पसंत पडलं तर हीच पद्धत इतर जिल्ह्यांत जाणार होती आणि त्याला कायम करणार होते. त्यानं नवा शर्ट शिवला. मला विचारलं, "सर जी, बराबर दिसतो ना?"

"दिसतो," मी म्हणालो.

त्या सकाळी मी लवकर गेलो आणि मधल्या कपाटांतले पुठ्ठे काढून माझ्या टेबलामागे ठेवले. अधिकाऱ्यांसमोर खोक्यांचे पुठ्ठे बरे दिसत नाहीत, असं मनाशी म्हटलं. खोटं होतं ते. काय होणार, हे मला नेमकं ठाऊक होतं. त्यानंच तर शिकवलं होतं.

अधिकारी आत असतानाच धोक्याची घंटी वाजली. एक मशीन तापून बंद पडलं, मागोमाग दुसरं. "ये सर्व्हर रूम है या केले का गोदाम?" अधिकारी म्हणाले. त्यानं उलटा हात कपाटाशी धरला, रिकामे खण पाहिले. मग माझ्या टेबलामागे पाहिलं. मग माझ्याकडे.

"माझंच चुकलं साहेब," तो म्हणाला. "पुठ्ठे बसवायचे राहिले."

त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. संध्याकाळी फाटकाशी मी उभा होतो. सायकलला पिशवी अडकवत तो म्हणाला, "तुमची नोकरी पक्की आहे सर जी, तिला डाग कशाला? माझ्या केळीच्या खोल्या आहेतच." त्याच्या त्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला. इतका की थांब म्हणायचं सुचलं नाही.

रांगा पुन्हा पहिल्यासारख्या लावल्या गेल्या, तिन्ही एसी पुन्हा अठरावर गेले. काही वर्षांनी वरून छापील आदेश आला, आकृत्यांसकट : रांगा तोंडाला तोंड, रिकाम्या खणांना झाकणं. मी तो अमलात आणला आणि वीज वाचवल्याचं प्रशस्तिपत्र घेतलं. ते घेऊन दापोऱ्याला गेलो, तर केळीच्या खोलीला कुलूप. तो मागच्याच थंडीत वारला, शेजारचा म्हणाला. दाराच्या फटीवर एक पुठ्ठा ठोकलेला होता. अक्षर ओळखीचं होतं.

कार्यालयाच्या फायलीत त्या दिवशीचा अहवाल अजून आहे. बिघाडाला जबाबदार कोण, या रकान्यात त्याचं नाव आहे. ते खोडून तिथं माझं लिहावं, असा अर्ज मला द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.